डोंगर उतरून जाईल ते फळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातले कातडी कमावणारे कारखानदार हिंदुस्थानातला हिरडा विकत घेत तो गावाच्या नावानं. जबलपूर, भिमलीपट्टण, राजपूर आणि वेंगुर्ला ही त्यातली नेहमीची नावं. नावापुढे आकडा असे. एक नंबर म्हणजे भरीव, फिकट पिवळसर, किडीचं भोक नसलेलं फळ. दोन नंबर म्हणजे त्याच्या खालचं, काळवंडलेलं किंवा आतून पोकळ झालेलं. साता समुद्रापलीकडचा खरेदीदार झाड पाहत नव्हता, डोंगर पाहत नव्हता. पोत्यातलं फळ बोटीच्या प्रवासात कसं टिकलं, एवढंच तो बघत होता.

या यादीत भोरचं नाव नाही, वेल्ह्याचंही नाही. पण सह्याद्रीच्या या पट्ट्यात हिरड्याची झाडं होती आणि आहेत. नीरेच्या उगमाकडचं हिर्डोशी खोरं, वेळवंडीचं खोरं, गुंजवणी आणि कानंदीची खोरी, राजगड-तोरण्याचे उतार. पाऊस धो धो, जमीन उताराची, भाताची खाचरं तळाशी आणि वर झाडं. उन्हाळ्यात करवंद, जांभूळ, अळू, तोरणं, फणस, रायवळ आंबा. हिवाळ्यात आवळा, बेहडा, हिरडा. फळांची वाण नव्हती. ती बाजारापर्यंत पोचवायची कशी, एवढाच प्रश्न होता. आज भोरहून पुणं दीड-दोन तासांवर आलं आहे. डोक्यावर पाटी घेऊन किंवा बैलाच्या पाठीवर गोण लादून हाच रस्ता करायचा, तेव्हा करवंदाची टोपली वाटेतच पाणी सोडत असे. पश्चिमेला वरंध घाट आणि मढे घाट उतरून महाडकडे माल न्यायचा तर वाट आणखी अवघड. म्हणून या दोन तालुक्यांच्या फळझाडांचा इतिहास चवीपेक्षा टिकाऊपणाचा आहे. जे फळ डोंगर उतरून जाऊ शकलं त्याला भाव मिळाला. जे उतरू शकलं नाही ते गुराख्यांनी, पोरांनी आणि पाखरांनी खाल्लं.

हिरडा उतरू शकला, कारण तो वाळतो. बाळहिरड्याचा हंगाम साधारण चैत्र-वैशाखातला. फळात बी धरण्याआधी, ते अजून हिरवं आणि कोवळं असतानाच उतरवायचं. एकजण झाडावर चढून फांद्या काठीनं झोडपतो आणि खाली बाया-पोरं वेचतात. मग कातळावर, अंगणात, जागा मिळेल तिथे ते पसरायचं. दोन-तीन उन्हं लागली की हिरवं फळ तपकिरी होतं, मग काळं पडतं आणि सुरकुतून मनुक्याएवढं उरतं. मुठीत घेऊन हलवलं की खडखड वाजलं पाहिजे. वाजलं नाही तर आत ओल आहे. तेवढ्यात वळवाचा पाऊस आला तर घरातली सगळी माणसं अंगणाकडे धावतात, कारण एकदा भिजलेल्या हिरड्याला बुरशी धरते आणि व्यापारी तो निम्म्यानंही घेत नाही. पुढे झाडावर राहिलेलं फळ मोठं होऊन पिवळसर पडतं, तो सुरवारी हिरडा. वजनाला तो जास्त भरतो, पण किलोमागे भाव बाळहिरड्यापेक्षा बराच कमी. औषधाला बाळहिरडा आणि सुरवारी, कातड्याला आणि रंगाला पक्व फळ, अशी ही विभागणी जुनीच आहे.

बुरशीचा धोका नुसता दिसण्यापुरता नाही. वाळलेल्या हिरड्यात साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असतं, आणि काही बुरशा तेच खातात. म्हणजे साठवणीत हलगर्जी झाली तर पोतं तेवढंच दिसतं, पण त्यातला विकत घेण्याजोगा भाग आतल्या आत कमी होत जातो. एक नंबर आणि दोन नंबर यांतला फरक शेवटी इथे येऊन पोचतो.

टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं आणि कातडं सडत नाही. कमावणं म्हणतात ते हेच. महाराष्ट्रात बाभळीची साल आणि हिरडा अशी जोडी ठरलेली होती आणि कोल्हापुरी चपलेचं कातडं त्याच जोडीवर उभं राहिलं. मद्रासकडे तरवडाच्या सालीनं कातडं कमावत आणि शेवटी हिरड्याच्या पाण्यात घालत, म्हणजे ते उन्हात लालसर पडत नसे. रंगारी कापडाला रंग बसावा म्हणून आधी हिरडा लावत. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकली की काळीभोर शाई होई. एवढे उपयोग असलेलं, वाळवून वर्षभर ठेवता येणारं आणि नांगरणी-पेरणी न मागणारं फळ डोंगरातल्या शेतकऱ्याला दुसरं नव्हतं. भात घरात खायला आणि हिरडा मीठ-कापडाला, असा हिशेब बसला तो त्यामुळे.

या बाजाराला धक्का दिला तो रसायनानं. १८८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस शुल्ट्झनं क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं. ज्या कामाला सालीच्या हौदात आठवडे, कधी महिने लागत ते एक-दोन दिवसांत होऊ लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये क्रोम पद्धत आणली. त्यात दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल आणि अर्जेंटिनातून केब्राचो झाडाचा अर्क जगाच्या बाजारात स्वस्तात येऊ लागला. हिरडा संपला नाही, पण त्याची मक्तेदारी गेली. उरला तो औषधाचा बाजार, आणि तिथे मागणी होती मुख्यतः वेचायला वेळखाऊ असलेल्या बाळहिरड्याला.

आंब्याचं वेगळं होतं. आंबा वाळत नाही, तो मान मागतो. मावळात आमराईची परंपरा शहाजीराजांच्या जहागिरीपर्यंत मागे जाते. आजच्या भोर तालुक्याला लागूनच, शिवगंगेच्या खोऱ्यात शिवापूर वसवलं गेलं आणि तिथे बाग लावली गेली. तिथल्या आंब्याला विनापरवाना हात लावला म्हणून दादोजी कोंडदेवांनी स्वतःचा हात तोडायला काढला, आणि लोकांनी अडवल्यावर अंगरख्याची एक बाही आखूड केली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचं काय ते इतिहासकार पाहतील. पण झाडावरच्या फळाला मालक आहे ही समजूत तिच्यात पक्की दिसते.

हीच समजूत कागदावर आली ती रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास. आरमाराला लाकूड लागतं, आंबा-फणसाचं लाकूडही कामाला येतं; तरी रयतेच्या या झाडांना हात लावू नये, कारण ती लोकांनी पोटच्या मुलासारखी वाढवलेली असतात, असा त्यातल्या हुकमाचा आशय आहे. झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं असंही सांगितलं आहे. राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्रात राज्य सांभाळणाऱ्यांत रामचंद्रपंतांबरोबर शंकराजी नारायण सचिव होते. भोर संस्थान त्यांच्याच वंशाचं. ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत या डोंगरांवर पंतसचिवांचा अंमल होता. संस्थानाच्या जमाखर्चात आमराया काय भरत हा वेगळा अभ्यासाचा विषय आहे, पण बांधावरचा आंबा कोणाचा यावरून भावकीत होणारे तंटे आजही याच समजुतीचे वंशज आहेत.

भोर-वेल्ह्यातला आंबा म्हणजे रायवळ. प्रत्येक झाड कोयीतून उगवलेलं आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून आलेला असतो, म्हणून आईसारखं लेकरू निघेलच याची खात्री नसते. शेपूच्या वासाचा तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागणारा तो खोबऱ्या, गोडमिट्ट तो साखऱ्या. एका बांधावर तीन झाडं असली तर तीन चवी, तीन वेळा आणि टिकण्याचे तीन हिशेब. पाड लागला की आंबे उतरवायचे, देठाचा चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, नाहीतर तिथे काळा डाग पडून फळ नासायला लागतं. मग भाताच्या पेंढ्यात आढी घालायची. आढीत ऊब कोंडते, फळातून निघणारा वायू कोंडतो आणि एक पिकलं की शेजारचीही पिकू लागतात. चार-पाच दिवसांनी आढी उलगडून पिकलेले आंबे वेगळे काढावे लागतात. एक नासका राहिला तर शेजारचे चार जातात. हे ज्ञान घरातल्या म्हाताऱ्या बाईकडे असायचं. ती वासावरून सांगायची, कुठल्या कोपऱ्यात हात घालायचा ते.

आंबा कधी पिकेल आणि किती टिकेल, हाच प्रश्न पुण्यात, गणेशखिंडीत, थर्मामीटर लावून विचारला गेला.

गणेशखिंडची बाग १८७३ ची. गव्हर्नरांच्या निवासाजवळची ही बाग पुढे मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याचं फळसंशोधनाचं केंद्र झाली. विल्यम बर्न्स आणि एस. एच. प्रयाग यांचं आंब्यावरचं पुस्तक शेतीखात्यानं १९२१ मध्ये काढलं, त्यात इलाख्यातल्या जातींचं वर्णन आणि कलमांच्या पद्धती आल्या. पण गणेशखिंडीला खरा दबदबा मिळाला तो डॉ. जी. एस. चीमा यांच्या काळात. लखनौहून आणलेल्या पेरूच्या बियांतून त्यांनी १९२७ मध्ये एक रोप निवडलं. ते लखनौ-४९, पुढे सरदार या नावानं देशभर पसरलं. आळंदीच्या डाळिंबांतून १९३६ मध्ये निवडलेलं झाड गणेश या नावानं महाराष्ट्राच्या डाळिंबशेतीचा पाया झालं. निवडीचं हे काम एका अर्थानं रायवळ आंब्याच्या मालकासारखंच होतं, शेकडो रोपांतून एक बरं ओळखायचं. फरक इतकाच की चीमांच्या निवडीचं पुढे कलम झालं.

चीमांनी फळ टिकवण्याचाही ध्यास घेतला होता. १९३२ आणि १९३३ मध्ये आंबा बोटीनं युरोपला पाठवण्याचे प्रयोग झाले आणि त्यांचा अहवाल शेतीखात्यानं छापला. पाठोपाठ गणेशखिंडीत शीतगृहाचं संशोधन सुरू झालं. डी. व्ही. करमरकर आणि बी. एम. जोशी हे त्यातले दोन प्रमुख कार्यकर्ते. चीमांबरोबर त्यांनी आंब्याच्या शीतसाठवणीवर लिहिलं आणि १९४१ मध्ये हापूसच्या श्वसनावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फळ झाडावरून तोडलं तरी श्वास घेत राहतं, पिकण्याच्या सुरुवातीला त्या श्वसनात एकदम उसळी येते आणि मग उतार लागतो. केंब्रिजला फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी हे सफरचंदात १९२०च्या दशकात दाखवलं होतं. पुण्यातल्या मंडळींनी तेच आंब्यात मोजायला घेतलं. आढीत हात घालणारी बाई जे वासावरून ओळखायची, ते इथे कर्बवायूच्या मापात उतरत होतं.

यातून कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की आंबा थंडीचा भित्रा आहे. सफरचंद शून्याच्या आसपास महिनोन्‌महिने राहतं. आंबा तितक्या थंडीत ठेवला तर बाहेर काढल्यावर साल करपल्यासारखी होते, डाग पडतात आणि फळ धड पिकतच नाही. म्हणून साधारण १२-१३ अंश सेल्सियसच्या आसपासच खेळावं लागतं आणि त्या तापमानाला मिळते ती काही आठवड्यांचीच सवलत. साहेबांच्या सफरचंदासाठी बनलेली शीतगृहं जशीच्या तशी आपल्या फळाला चालणार नाहीत, हे पुण्यात कळलं याचं मोल मोठं होतं.

पण हे संशोधन भोर-वेल्ह्याच्या आंब्यापर्यंत पोचलं नाही, आणि त्याला कोणाचा हलगर्जीपणा कारण नव्हता. साठवणीचा प्रयोग करायचा तर एकसारखी शंभर फळं हवीत, एका तयारीची, एका जातीची. कलमी हापूसची ती मिळतात. रायवळची नाहीत, कारण तिथे जात म्हणजे एकच झाड. शेप्याच्या एका झाडाचा साठवण-काळ काढून ठेवला तरी तो शेजारच्या खोबऱ्याला लागू पडत नाही. विज्ञानाला एकसारखेपणा लागतो आणि डोंगरानं नेमकं तेच दिलं नव्हतं. त्यामुळे हापूस अधिक टिकाऊ होत गेला, रायवळ होता तिथेच राहिला आणि दोघांच्या भावातलं अंतर दर पिढीला वाढत गेलं.

वेंगुर्ल्यात गोष्ट पुढे सरकली. ज्या बंदराचं नाव लंडनच्या बाजारात हिरड्याच्या पोत्यावर असे, तिथे १९५७ मध्ये फळसंशोधन केंद्र निघालं. ते आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथे काजू आणि आंबा दोन्हींत संकरित जाती निघाल्या. निलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला रत्ना १९८१ चा. हापूसला लागलेला साक्याचा रोग, म्हणजे बाहेरून निर्मळ दिसणाऱ्या फळाच्या आत पांढरट, स्पंजासारखा, आंबलेला गर, रत्नात नाही. रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये सिंधू आला, त्याची कोय पातळ. काजूत वेंगुर्ला-४ हा १९८१ चा आणि वेंगुर्ला-७ हा १९९७ चा. वेंगुर्ला-७ ची बी सरासरी १० ग्रॅमची, देशी काजूबीच्या पुढे डोळ्यांत भरेल एवढी.

काजू हे झाड टिकाऊपणाचा सगळा मुद्दा एकाच देठावर दाखवतं. खाली लोंबणारी बी दोन-तीन दिवस उन्हात वाळवली, ओल आठ टक्क्यांच्या आसपास आणली, की पोत्यात वर्षभर राहते. तिच्या वरचं बोंडू मात्र झाडावरून पडलं की दुसऱ्या दिवशी आंबायला लागतं. गोव्यानं त्याची फेणी केली. महाराष्ट्रात बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजून जातं. संशोधनाचं माप काय तर बीचं वजन, गराचा उतारा, झाडामागे किलो. बोंडवाचा विचार फार नंतर आला.

१९९० मध्ये महाराष्ट्रानं रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली. खड्डे खणायची मजुरी, कलमं, पाणी यांना अनुदान मिळू लागलं आणि राज्यभर पडीक उतारांवर आंबा-काजूची कलमं चढली. डोंगराळ तालुक्यांना योजना सोयीची होती. यादीत हापूस होता, केशर होता, वेंगुर्ल्याचा काजू होता. हिरडा कलमांच्या गाडीत सहसा नसे. हिरड्याचं बी कठीण कवचाचं, रुजायला चिवट, रोप वाढायला सावकाश; कोणी तो हौसेनं लावत नव्हतं, उगवलेला राखायचा एवढंच. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात आदिवासी विकास महामंडळानं हिरड्याची खरेदी तरी केली. भोर-वेल्हे त्या अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, इथला वेचणारा खाजगी व्यापाऱ्याच्या काट्यावरच अवलंबून राहिला.

मधल्या काळात झाडंच कमी झाली होती. वेळवंडीवरचं भाटघरचं मोठं धरण, तेव्हाचं लॉइड धरण, १९२८ मध्ये पुरं झालं. त्याच्या पाण्यावर नीरेच्या कालव्याखालचा बारामती-फलटणचा मुलूख हिरवा झाला, आणि भोरच्या खोऱ्यातली खाचरं व बांधावरची झाडं पाण्याखाली गेली. वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव आलं. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं त्याची आठवण पुण्यानं जपली आहे. वरच्या खोऱ्यात काय झालं त्याची आठवण कमी. धरणाबरोबर रस्ते आले आणि ज्या उतारावरून करवंदाची टोपली धड खाली येत नव्हती तिथून कोळशाचे ट्रक सुटले. सुपीक तळजमीन गेलेली माणसं वर सरकली आणि हाताशी असलेलं विकू लागली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतली ही खोरी पायी पालथी घातली आणि १९७९ मध्ये डोंगर, धरणं आणि जंगलं यांच्या नात्यावर निबंध लिहिला. कोळसा वाळवावा लागत नाही, त्याला बुरशी धरत नाही, त्याला हंगाम नाही. डोंगर उतरण्याच्या शर्यतीत त्यानं सगळ्या फळांना मागे टाकलं. हिरड्याचं शंभर वर्षांचं झाड भट्टीत एकदाच जळतं, ही गोष्ट त्या दिवसाच्या गरजेपुढे कोण ऐकून घेणार होतं?

रायवळ आंब्याच्या वाट्याला आणखी एक उपरोध आला. हापूस लांबच्या बाजारात न्यायचा तर लाकडी पेटी लागे आणि पेटीला स्वस्त, हलकं लाकूड लागे. ते रायवळचं असे. टिकणाऱ्या आंब्याच्या प्रवासासाठी न टिकणारा आंबा फळ्यांच्या रूपानं कापला गेला. पुठ्ठ्याची खोकी आली तेव्हा हे थोडं आवरलं, तोवर बऱ्याच आमराया विरळ झाल्या होत्या.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातून गेलं. बाळहिरड्याचा हंगाम होता. जुन्नर-आंबेगावात हिरडा वेचणाऱ्यांनी भरपाई मागितली आणि त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. सरकारी पंचनाम्याला पीक समजतं, फळबाग समजते. कोणी न लावलेलं आणि तरी घर चालवणारं झाड कुठल्या रकान्यात लिहायचं, हे ठरायला वेळ लागतो.

अलीकडे वाऱ्याची दिशा थोडी बदललेली दिसते. पीक वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःच्या झाडाची जात नोंदवता येते. शीतगृह परवडत नाही तिथे विटांच्या दोन भिंतींमध्ये ओली वाळू भरून बांधलेला, विजेशिवाय चालणारा शीतकक्ष दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं पूर्वीच दाखवून दिला आहे. उन्हाळ्यात तो फळाला काही दिवस जास्तीचे देतो. आणि कोयकलम तर कोकणात घरोघर झालं आहे. पंधरवड्याचं, तांबूस पानांचं रोप घ्यायचं. हव्या त्या झाडाची, तेवढ्याच जाडीची तीन-चार महिन्यांची काडी आणायची. तिची पानं आठ-दहा दिवस आधी छाटून ठेवायची. रोपाला मधोमध चीर, काडीला पाचर, वरून प्लास्टिकची पट्टी. जून ते ऑगस्टच्या दमट हवेत हे कलम चांगलं जुळतं आणि पावसाळ्यात वेल्ह्याइतकी दमट हवा पुणे जिल्ह्यात थोड्याच ठिकाणी मिळते. साखऱ्याचं एक झाड असं शंभर बांधांवर नेता येतं, आणि शंभर झाडांची एकसारखी फळं मिळू लागली की करमरकर-जोशींनी हापूसला विचारलेले प्रश्न त्यालाही विचारता येतील. काडी मात्र मूळ झाडावरूनच घ्यावी लागते, आणि लाकडाचा व्यापारी दरवर्षी उन्हाळ्यात त्याच झाडाचा भाव विचारायला येतो.